बैलाच्या बाजूने सभागृहात कोण होतं? बैलगाडा शर्यतीचं प्रकरण, २०११ ते २०२३

१८ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडूचा जल्लीकट्टू, कर्नाटकचा कंबळा, म्हणजे चिखलातली रेड्यांची शर्यत, आणि महाराष्ट्राची बैलगाडा शर्यत यांना परवानगी देणारे त्या त्या राज्यांचे कायदे वैध ठरवले. खेड, आंबेगाव, जुन्नर, शिरूर या पट्ट्यात त्या दिवशी आनंदाला पारावार नव्हता. चर्चा झाली ती बहुतेक परंपरा जिंकली की प्राणिमित्र हरले याच अंगाने.

या निकालातला दुसरा एक भाग मला फार मोलाचा वाटतो, आणि त्याकडे कुणी फारसं वळून पाहिलं नाही. प्राण्यांना मूलभूत हक्क आहेत असं मानणारा आधीचा दाखला आपल्यासमोर नाही, असं न्यायालयाने म्हटलं. रस्त्यावरच्या मोकाट बैलाला त्याच्या मर्जीविरुद्ध डांबून ठेवलं तर त्याच्यासाठी ‘हेबियस कॉर्पस’, म्हणजे डांबलेल्याला न्यायालयापुढे आणण्याचा आदेश, मागता येईल का, याबद्दल न्यायालयाने शंका व्यक्त केली. आणि प्राण्यांच्या कायदेशीर हक्कांना मूलभूत हक्कांचा दर्जा द्यायचा की नाही, हा विचार विधिमंडळावर सोपवला.

म्हणजे बैलाचा प्रश्न न्यायालयाने सभागृहाच्या दारात आणून ठेवला. त्या सभागृहात गाडामालकांचे आमदार आहेत, जत्रा भरवणाऱ्या गावांचे आमदार आहेत, प्राणिमित्रांनाही मत आहे. बैलाचं कुणी नाही. पाळीव प्राण्यांना राजकीय हक्क असावेत, किंबहुना त्यांना आपल्या समाजाचे नागरिक मानावं, हा विचार ऐकताना अनेकांना अतिरेकी वाटतो. या एका प्रकरणात मात्र त्या विचाराची गरज कुठे आणि का पडते, हे स्पष्ट दिसतं. म्हणून ते सविस्तर मांडतो आहे.

शर्यत आणि तिच्यामागचं अर्थकारण

महाराष्ट्रातली शर्यत एका प्रकारची नाही. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात ती घाटात होते. चढावर आखलेल्या धावपट्टीवर बैल गाडा घेऊन सुटतात, पुढे घोडी धावते, निवेदक ‘भिर्रर्र’ म्हणून आरोळी देतो आणि सेकंदांत वेळ मोजली जाते. चैत्रापासून गावोगावच्या यात्रांचा हंगाम सुरू झाला की घाट गजबजतात. सातारा, सांगलीकडे मोकळ्या मैदानात हलक्या छकडीला बैल जुंपून गटवार फेऱ्या होतात. विदर्भात शंकरपट असतो. राज्याच्या २०१७ च्या कायद्यात शर्यतीची व्याख्या करताना बैलगाडा शर्यत, छकडी आणि शंकरपट अशी तिन्ही नावं घातली आहेत.

शर्यतीच्या बैलाचा थाट वेगळा. त्याला खुराक घरातल्या माणसापेक्षा चांगला, निजायला कोरडा गोठा, अंगावरून रोज हात. नावारूपाला आलेल्या बैलाची किंमत लाखांत जाते. बक्षिसं मोटारसायकलीपासून जेसीबीपर्यंत. मालक बैलावर जीव टाकतो हे खरंच आहे. ज्यांनी गोठ्यात उभं राहून ते पाहिलेलं नाही, त्यांनी मालकाला सरसकट क्रूर ठरवू नये.

पण या थाटामागे एक मोठी ओहोटी आहे. नांगर, मोट, वाहतूक ही बैलाची सगळी कामं यंत्रांनी घेतली. २०१२ च्या पशुगणनेत देशात नर गोवंश सुमारे ६ कोटी ७९ लाख होता. २०१९ च्या गणनेत तो सुमारे ४ कोटी ७४ लाखांवर आला. सात वर्षांत दोन कोटींहून अधिक घट. त्याच काळात मादी गोवंश वाढला. आता लिंगनिर्धारित रेतमात्रा सरकारी अनुदानातून मिळतात आणि त्यातून दहातल्या नऊ वेळा कालवडच जन्मते. खोंड जन्मालाच येऊ नये अशी ही व्यवस्था आहे. ‘शर्यत बंद झाली तर खिल्लार संपेल’ हा, शर्यतीत पळणाऱ्या या जातीबद्दलचा मालकांचा युक्तिवाद या पार्श्वभूमीवर ऐकला पाहिजे. त्यात भावनिक दबाव असेल, पण भीती खोटी नाही.

बारा वर्षं

मूळ कायदा १९६० चा, प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा. त्याची सुरुवात एका नियुक्त खासदाराने केली, हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे. राज्यसभेवर १९५२ मध्ये राष्ट्रपतींनी नेमलेल्या नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी खासगी विधेयक आणलं, पंडित नेहरूंच्या सरकारने त्याची दखल घेतली आणि त्यातून पुढे सरकारी कायदा झाला. त्या कायद्याने १९६२ मध्ये प्राणी कल्याण मंडळ उभं राहिलं आणि रुक्मिणीदेवी त्याच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या.

या कायद्याच्या कलम २२ खाली केंद्र सरकार काही प्राण्यांचे खेळ, प्रदर्शन आणि त्यासाठीचं प्रशिक्षण यांवर बंदी घालू शकतं. ११ जुलै २०११ च्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांच्या यादीत बैलाचं नाव आलं. त्यानंतर महाराष्ट्र सरकारने शर्यती बंद केल्या आणि २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी उचलून धरली.

७ मे २०१४ ला न्या. के. एस. राधाकृष्णन आणि न्या. पिनाकी चंद्र घोष यांच्या खंडपीठाने ‘प्राणी कल्याण मंडळ विरुद्ध ए. नागराजा’ हा निकाल दिला. बैलाची शरीररचना घोड्यासारखी पळण्यासाठी घडलेली नाही. तो पळतो तो भीतीने, वेदनेपासून सुटण्यासाठी, असं या निकालाने म्हटलं. भूक-तहान, अस्वस्थता, वेदना-आजार, भीती-ताण यांपासून मुक्ती आणि स्वाभाविक वागण्याची मोकळीक या पाच स्वातंत्र्यांना निकालाने कायद्याच्या कलम ३ व ११ शी जोडलं. घटनेच्या कलम ५१-अ मधलं जीवमात्रांविषयी करुणेचं कर्तव्य त्याला आधार म्हणून घेतलं. बैलाला जल्लीकट्टूत किंवा बैलगाडा शर्यतीत वापरता येणार नाही, तमिळनाडूत नाही, महाराष्ट्रात नाही, देशात कुठेच नाही, असा आदेश झाला. संसदेने प्राण्यांच्या हक्कांना घटनात्मक दर्जा द्यावा, अशी अपेक्षाही न्यायालयाने नोंदवली.

पुढची वर्षं ओढाताणीची. केंद्राने ७ जानेवारी २०१६ ला नवी अधिसूचना काढून जल्लीकट्टू आणि काही राज्यांतल्या शर्यतींना सूट दिली. पाच दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर जल्लीकट्टूच्या बाजूने माणसांचा समुद्र लोटला आणि तमिळनाडूने आधी अध्यादेश, मग कायदा केला. महाराष्ट्राने त्याच वर्षी एप्रिलमध्ये दुरुस्ती विधेयक मंजूर केलं. सत्ताधारी आणि विरोधक दोघांचाही त्याला पाठिंबा होता. राष्ट्रपतींची संमती मिळाली, कायदा लागू झाला आणि उच्च न्यायालयाने शर्यतींना पुन्हा अटकाव केला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०१८ मध्ये सगळी प्रकरणं घटनापीठाकडे गेली. बंदीच्या काळात, ऑगस्ट २०२१ मध्ये, आटपाडी तालुक्यातल्या झरे इथे आमदारांनीच शर्यतीची हाक दिली आणि बंदोबस्त चुकवून गाडे पळाले. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने, इतर राज्यांत शर्यती चालू आहेत तर महाराष्ट्रातही नियमांच्या चौकटीत होऊ द्या, असा अंतरिम आदेश दिला. आणि मे २०२३ मध्ये अंतिम निकाल.

२०२३ च्या घटनापीठाने २०१४ च्या निकालातली क्रौर्याची वर्णनं खोटी ठरवली नाहीत. नव्या कायद्यांनी आणि नियमांनी खेळाचं स्वरूप बदललं, वेदना बऱ्याच प्रमाणात कमी केल्या, असं त्याने मानलं. आणि हा खेळ संस्कृतीचा भाग आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार विधिमंडळाचा, असंही.

महाराष्ट्राच्या नियमांत काठी, चाबूक, विजेचा धक्का निषिद्ध आहे. धावपट्टी एक हजार मीटरच्या आत हवी. आयोजकाने जिल्हाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी घ्यायची, पन्नास हजार रुपये अनामत ठेवायची, पशुवैद्यकाकडून बैल तपासून घ्यायचा. उल्लंघन झालं तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. आता याच्या शेजारी १९६० च्या मूळ कायद्याचं कलम ११ ठेवून पाहा. तिथे बैलाला निर्दयपणे मारण्याची शिक्षा पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड. तोच बैल, तीच पाठ, तोच वळ. घाटात पाच लाख, शेतात पन्नास रुपये. घाटावर कॅमेरे आणि न्यायालय आहे, शेतात कुणी पाहणारं नाही, एवढाच काय तो फरक. बैलाच्या बाजूने विचार करून कुणी कायदा लिहिला असता तर हे असं झालं नसतं.

नागरिकत्वाची कसोटी

सू डोनाल्डसन आणि विल किमलिका या कॅनडातल्या दोघा विचारवंतांनी २०११ मध्ये, म्हणजे बैल ज्या वर्षी त्या अधिसूचनेत आला त्याच वर्षी, ‘झूपोलिस’ या ग्रंथात प्राण्यांच्या हक्कांची राजकीय मांडणी केली. रानटी प्राण्यांना त्यांच्या मुलखावर स्वतःची सत्ता. पारवे, खारी यांसारख्या आपल्या आसपास राहणाऱ्या पण न पाळलेल्या जीवांना निवासाचा हक्क. आणि पाळीव प्राण्यांना नागरिकत्व, असे तीन वर्ग त्यांनी केले. पाळीव प्राण्याला माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवडून, वाढवून आपल्या समाजात आणलं, त्याच्या परतीची वाट बंद केली, मग त्याला पाहुणा किंवा मालमत्ता म्हणून कसं वागवता येईल, हा त्यांचा मूळ प्रश्न आहे.

आपल्या वशिंडाच्या बैलाला हा प्रश्न नेमका लागू पडतो. सिंधू खोऱ्याच्या पश्चिमेला मेहरगढ परिसरात सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी हा गोवंश माणसाळला. त्याचा रानटी पूर्वज आता पृथ्वीवर नाही. बैलाला ‘सोडून देणं’ म्हणजे रस्त्यावर, कचऱ्याच्या ढिगावर सोडणं. त्याला जाण्यासारखं गाव आपलंच आहे.

नागरिकत्वाचे तीन भाग त्यांच्या मांडणीत येतात. इथे राहण्याचा हक्क, सार्वजनिक हित ठरवताना आपलं हित मोजलं जाण्याचा हक्क, आणि एकत्र राहण्याचे नियम घडवण्यात वाटा. पहिल्या दोन भागांच्या खुणा आपल्याकडे आधीच सापडतात. पोळ्याच्या किंवा बेंदराच्या आदल्या दिवशी खांदेमळणी होते, बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावतात आणि त्याला सांगतात, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.’ त्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवत नाहीत. गाव त्याला आपला मानतं. राज्यही मानतं, आपल्या रीतीने. त्याच्या कानात बारा अंकी बिल्ला ठोकलेला आहे, त्या क्रमांकावर त्याचं लसीकरण आणि वंश नोंदवला जातो. घटनेचं कलम ४८ त्याच्या जातींचं जतन करायला सांगतं.

तिसरा भाग मात्र पूर्ण कोरा आहे. त्याच्याविषयीचा एकही नियम घडताना त्याचा वाटा नाही. शर्यतीच्या प्रकरणात त्याच्या वतीने सगळेच बोलले. मालक म्हणाले, त्याला पळायला आवडतं. प्राणिमित्र संस्था म्हणाल्या, तो भीतीने पळतो. सरकारने बैलाच्या पळण्याच्या क्षमतेवर समितीचा अहवाल पुढे ठेवला. प्राणी कल्याण मंडळ कायद्याने स्थापलेलं, त्यात लोकसभेचे चार आणि राज्यसभेचे दोन खासदार बसतात. पण मंडळाची नेमणूक केंद्र सरकार करतं, पैसा सरकारकडून येतो. ज्या सरकारने सूट द्यायची ठरवलं, त्याच सरकारच्या मंडळाने बैलाची बाजू लावून धरायची. माणसांच्या बाबतीत असं प्रतिनिधित्व आपण क्षणभर तरी मान्य केलं असतं का?

बैलाला विचारायचं कसं

इथे नेहमीची शंका येते. मुक्या जनावराला मत कसं असेल? त्याला कायदा कसा कळेल?

आपल्या कायद्याला मुके पक्षकार अजिबात नवे नाहीत. देवाची मूर्ती कायद्याने व्यक्ती आहे, हे प्रिव्ही कौन्सिलने १९२५ मध्ये मान्य केलं. सात-बाऱ्यावर देवस्थानाचं नाव असतं आणि देवाच्या वतीने दावा चालतो. कंपनी व्यक्ती आहे. पाळण्यातलं बाळ नागरिक आहे, त्याला घटना वाचता येत नाही. गंभीर बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसाचं नागरिकत्व कुणी काढून घेत नाही. त्याला ओळखणारी, त्याच्या खाणाखुणा वाचणारी माणसं त्याची इच्छा पुढे मांडतात. विश्वासातल्या माणसाच्या आधाराने व्यक्त होणारं कर्तेपण, ही कल्पना अपंगांच्या हक्कांच्या चळवळीतून आली आणि डोनाल्डसन-किमलिका यांनी ती प्राण्यांना लावली.

बैलाच्या खाणाखुणा वाचणारी विद्या तर आपल्या गावांत शेकडो वर्षांची आहे. जू समोर धरल्यावर मान पुढे करणारा बैल आणि मागे सरणारा बैल यांतला फरक कुठल्याही जुन्या शेतकऱ्याला दुरून कळतो. कान कसे आहेत, डोळ्याचं पांढरं किती दिसतं, शेपूट कुठे आहे, शेण पातळ झालंय का, दावणीला आल्यावर वैरणीला तोंड लावतो की नुसता उभा राहतो, जोडीदाराच्या अंगाला अंग लावतो की फटकून असतो. एखादा बैल जोतात बसून घेतो. तो बसतो तेव्हा तो काहीतरी सांगत असतो, आणि जाणता शेतकरी त्याला सोडून देतो.

ही विद्या मालकांकडे आहे आणि तीच त्यांची या प्रकरणातली खरी ताकद व्हायला हवी होती. बारा वर्षांच्या कोर्टबाजीत ती कुठेच पुरावा म्हणून आली नाही. वाद झाला तो ‘बैल पळू शकतो का’ यावर. पळू शकण्याचा आणि पळायला तयार असण्याचा संबंध नाही. घोडा पळू शकतो, म्हणून त्याला भाजलेल्या डांबरावर पळवणं योग्य ठरत नाही.

माझं मत स्पष्ट सांगतो. मी घाटाच्या कडेला उभा राहून शर्यती पाहिल्या आहेत. काही जोड्या जुंपताना शांत असतात, सुटल्यावर मोकळ्या धावतात, थांबल्यावर लगेच वैरण खातात. त्या बैलांबद्दल ‘छळ’ हा शब्द वापरायला माझी जीभ धजत नाही. पण बऱ्याच जोड्या सुटण्याआधीच फुरफुरत, डोळे फिरवत, चार-चार माणसांनी रेटून धरलेल्या असतात. कर्णे, गुलाल, गर्दी यांनी बावरलेल्या असतात. तयारीची कसोटी प्रामाणिकपणे लावली तर आजच्या घाटावरच्या बऱ्याच बाऱ्या, म्हणजे गाड्यांच्या धावा, सुटायच्या आधीच थांबवाव्या लागतील. सरसकट बंदी या कसोटीतून निघत नाही, आणि सरसकट परवानगी तर नाहीच. नागरिकाला काम करण्याचा, खेळण्याचा हक्क असतो. नकार देण्याचाही असतो.

ज्या बैलाकडे कॅमेरा वळला नाही

शर्यतीचा बैल हा बैलांतला भाग्यवान. या सगळ्या काळात ऊसतोडीच्या गाडीला जुंपलेल्या बैलाबद्दल एकही घटनापीठ बसलं नाही. ही गोष्ट मला शर्यतीपेक्षा जास्त अस्वस्थ करते.

बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतली टोळी मुकादमाकडून आगाऊ पैशांची उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास कारखान्यावर निघते. नवरा-बायकोचा कोयता, टायरची गाडी, दोन बैल. पहाटेच्या अंधारात तोड सुरू, मोळ्या बांधून गाडी भरायची, ओल्या फडातून चढ काढायचा, डांबरी सडकेने कारखाना गाठायचा, मग काट्याच्या रांगेत नंबर लागेपर्यंत तासन्‌तास थांबायचं. मोबदला टनावर. म्हणून गाडी जितकी उंच भरता येईल तितकी भरली जाते. खांदा सुजतो, खूर झिजतो, डांबरावर बैल घसरून पडतो.

या बैलासाठी देशात १९६५ पासून नियम आहेत. ओढकामाच्या आणि भारवाहू प्राण्यांसाठीच्या केंद्रीय नियमांनुसार जनावराला दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त जुंपता येत नाही. पारा ३७ अंशांच्या वर जातो तिथे दुपारी बारा ते तीन जुंपायला मनाई आहे. आर लावलेली काठी वापरायची नाही. गाडीवर किती ओझं घालायचं, याचा तक्ताही आहे. माणसांच्या श्रमकायद्याला शोभेल असा हा दस्तऐवज आहे. फडात तो कधी कुणी उघडला?

आणि समजा उद्या एखाद्या अधिकाऱ्याने तो उघडला, तर दंड गाडीवानाला होणार. उचल डोक्यावर असलेल्या, टनाच्या दराने जगणाऱ्या माणसाला. साखर कारखाना आणि मुकादम बाजूलाच. म्हणून ‘आधी माणसांचं पाहा, मग जनावरांचं’ हा आक्षेप मला इथे उलटाच दिसतो. बैलाच्या ओझ्याची मर्यादा खरोखर अंमलात आणायची तर टनामागचा दर वाढवावा लागेल, रांगेतला वेळ कारखान्याच्या खर्चात धरावा लागेल, अड्ड्यावर पाणी आणि सावली करावी लागेल. बैलाची बाजू बोलणारा कुणी कारखान्याच्या हिशोबात बसला, तर गाडीवानाचीही बाजू त्यात आपोआप येते. एकाच जुवाखाली दोघंही आहेत. या कामगारांतल्या अनेकांना हंगामामुळे मतदानालाही गावी जाता येत नाही. स्वतःचं प्रतिनिधित्व हातातून निसटणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवायला नको.

दुसरा एक आक्षेप याहून गंभीर आहे. प्राण्यांच्या नावाने केलेले कायदे माणसांवर शस्त्र म्हणून चालवले जातात. महाराष्ट्रात मार्च २०१५ पासून बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली. थकलेला बैल विकता येईना, पोसता येईना, आणि जनावरांची वाहतूक करणाऱ्या गरिबांना रस्त्यात अडवून मारहाण होऊ लागली. हे प्राण्याचं नागरिकत्व नव्हे. नागरिकाला जगू द्यायचं ठरवलं तर त्याच्या म्हातारपणाची सोय राज्याने करायची असते. तो बोजा एका अल्पभूधारकावर टाकून मोकळं होता येत नाही. या कायद्याने बैलाचं मरण थांबवलं आणि जगण्याची जबाबदारी घेतली नाही. तेव्हाही बैलाच्या बाजूचा माणूस सभागृहात असता, तर वैरणीचा आणि निवाऱ्याचा खर्च हा त्याचा पहिला प्रश्न असता.

प्रतिनिधी कसा असेल

असा प्रतिनिधी कुठे झालाच नाही असं नाही. स्वित्झर्लंडच्या झुरिक प्रांताने १९९२ मध्ये क्रौर्याच्या खटल्यांत प्राण्यांची बाजू मांडणारा सरकारी वकील नेमला. तो फिर्यादीची कागदपत्रं पाहू शकत होता, निकालाविरुद्ध अपील करू शकत होता. गळाला लागलेल्या पाईक माशाला फार वेळ झुंजवत ठेवल्याबद्दलचा त्याचा खटला जगभर गाजला. ७ मार्च २०१० ला देशभर असे वकील नेमावेत का यावर सार्वमत झालं, सुमारे सत्तर टक्के लोकांनी नकार दिला आणि त्या वर्षाअखेर झुरिकचं पदही गेलं. आपल्याकडे उत्तराखंड उच्च न्यायालयाने जुलै २०१८ मध्ये, नेपाळ सीमेवरच्या टांग्याच्या घोड्यांच्या प्रकरणात, सगळ्या प्राणिमात्रांना कायदेशीर व्यक्ती ठरवलं आणि राज्यातल्या सर्व नागरिकांना त्यांचे पालक. ते वाचताना ऊर भरून येतो; पण जो पालक सगळेच आहेत, तो प्रत्यक्षात कुणीच नसतो. झुरिकचं पद लहान होतं, पण त्या माणसाच्या हातात अपिलाचा अधिकार होता. मला तो नमुना जास्त उपयोगाचा वाटतो.

महाराष्ट्रात याची सुरुवात घटना न बदलता करता येईल. विधान परिषदेत बारा सदस्य राज्यपाल नेमतात. साहित्य, विज्ञान, कला, सहकार, समाजसेवा यांतल्या जाणकारांसाठी त्या जागा आहेत. त्यातली एक बैलाची बाजू मांडणाऱ्याला देता येईल; रुक्मिणीदेवींनी राज्यसभेत अशाच नियुक्त जागेवरून देशाला हा कायदा दिला. पशुधनाशी संबंधित प्रत्येक विधेयकावर मतदानाआधी स्वतंत्र प्राणी आयुक्ताचा लेखी अभिप्राय सभागृहापुढे ठेवणं बंधनकारक करता येईल. हा आयुक्त पशुसंवर्धन विभागाच्या हाताखालचा नको. त्या विभागाचं काम दूध आणि उत्पादन वाढवणं आहे, त्याचं हित दुसरीकडे आहे. नर वासरं जन्मालाच येऊ नयेत अशी रेतमात्रांची योजना आखतानाही आयुक्ताचं म्हणणं ऐकलं जावं. एखाद्या जातीने उद्या असावं की नसावं, हा निर्णय आज कुठल्याही चर्चेविना दूध संघाच्या पातळीवर होतो आहे.

घाटावर मात्र आयुक्त पुरणार नाही. तिथे गावातलाच, पण आयोजकाने न नेमलेला आणि बक्षिसात वाटा नसलेला, बैल जाणणारा माणूस हवा. परवानगी देताना जिल्हाधिकाऱ्यांनी त्याचं नाव लिहावं. बारी सुटण्याआधी त्याने जोडी पाहावी. ती मान देत नसेल, तर त्याने हात वर करावा आणि गाडा परत जावा. त्या दिवसापुरतं त्याचं म्हणणं अखेरचं असावं, मालक कितीही मोठा असो. पन्नास हजारांची जी अनामत आज घेतली जाते, तिच्यात भर घालून जिल्ह्यात एक निधी करावा आणि शर्यतीतून निवृत्त झालेल्या बैलाच्या वैरणीचा खर्च त्यातून निघावा. आजच्या नियमांचा सगळा भर शर्यतीच्या दिवसावर आहे, आणि बैल त्यानंतर दहा-बारा वर्षं जगतो.

गाडामालकांच्या संघटनांनी हे स्वतःहून स्वीकारलं, तर पुढच्या याचिकेच्या वेळी त्यांच्याकडे सरकारी समितीच्या अहवालापेक्षा भक्कम पुरावा असेल. किती जोड्या आल्या, किती परत पाठवल्या, कोणत्या खुणांवरून पाठवल्या, याची घाटाघाटाची वही.